बोट किती वेळ टेकलं?

दिन आणि दीन. लिहिताना फरक फक्त वेलांटीचा, पहिली की दुसरी. मराठीच्या तासाला मी मुलांना सांगतो की दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. उर्दूच्या तासाला दिन दिवसच राहतो, दीनचा अर्थ मात्र धर्म होतो. दोन्ही तासांना शिकवायची गोष्ट एकच असते. जीभ त्याच जागी लागते, आवाज जवळपास तोच निघतो, तो किती वेळ लांबला एवढ्यावरून शब्द बदलतो.

हातातला मोबाईलही आपल्या बोटाचं असंच व्याकरण करतो. बोट त्याच जागी टेकतं, बटण तेच असतं, पण बोट किती वेळ टेकलं यावरून फोन वेगळा अर्थ घेतो. ऱ्हस्व टेकलं तर एक काम, दीर्घ टेकलं तर दुसरं. भाषेच्या व्याकरणाचे नियम निदान शाळेत शिकवतात. फोनचे नियम कोणी शिकवत नाही, आणि ते मोडले तर फोन चूक दाखवतही नाही. तो गप्प बसतो किंवा भलतंच काहीतरी करतो. माणूस मग स्वतःलाच दोष देतो.

हे सगळं माझ्या लक्षात आलं ते भाच्यामुळे. तो पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतो आणि सुट्टीला आमच्याकडे वढू बुद्रुकला येतो. त्याला कॉलेजसाठी एक ॲप बनवायचं होतं, मला मुलांसाठी शब्दांचा सराव हवा होता. दोघांचं जमलं. ॲप साधं होतं. पडद्यावर एक वाक्य यायचं, त्यात एक जागा रिकामी, खाली दोन शब्द. योग्य शब्दावर बोट टेकवायचं. दिन-दीन, सुत-सूत, पाणि-पाणी, मिलन-मीलन अशा जोड्या. शब्दावर बोट दाबून धरलं तर त्याचा अर्थ दिसायचा. दुसऱ्या भागात उर्दूची अक्षरं होती. उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं रूप घेतं, म्हणून अक्षर धरून ओढायचं आणि दुसऱ्याला जोडायचं.

भाच्याच्या हातात ॲप सुरेख चाललं. त्याच्या मित्रांच्या हातातही चाललं. मग ते घरात आलं, गल्लीत गेलं, वर्गात गेलं, आणि बिघडलं.

अम्मी उर्दू छान वाचते. तिच्याकडून एकही उत्तर नोंदलं जाईना. बरोबर शब्दावर बोट ठेवायची, आणि दर वेळी उत्तराऐवजी अर्थाची खिडकी उघडायची. ती चिडून म्हणाली, "मैं दबाती, वो सुनताइच नै." शेजारचे तात्या आयुष्यभर ऊस-कांद्यात राबलेले, हाताला थोडा कंप. त्यांनी शब्दावर बोट ठेवलं की पडदाच वर-खाली सरकायचा. आणि माझ्या वर्गातला एक मुलगा, शुद्धलेखनात चांगला, त्याला ॲपनं वीसपैकी नऊ गुण दिले. तो म्हणाला, "सर, काही प्रश्न मी बघितलेच नाहीत, ते आपोआप गेले."

भाच्यानं कॉम्प्युटर उघडला आणि प्रत्येक स्पर्शाची नोंद पडद्यावर यायला लावली. मी शेजारी वही घेऊन बसलो. त्या संध्याकाळी मला कळलं की आपण ज्याला 'बटण दाबलं' म्हणतो ती फोनच्या लेखी एक घटना नसून घटनांची माळ असते.

फोनची काच बोटातून वाहू शकणारी वीज ओळखते. काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं. बोट जवळ आलं की त्या जागेवरचा भार बदलतो. फोन हे जाळं सेकंदाला ६० ते १२० वेळा, नव्या फोनांत त्याहून जास्त वेळा, तपासत राहतो. बोट टेकलं की पहिली नोंद होते : डाउन, म्हणजे बोट आलं, अमुक जागी, अमुक क्षणी. बोट हललं की मूव्हच्या नोंदी. उचललं की अप. आणि मध्येच दुसऱ्या कोणी, उदाहरणार्थ पान सरकवणाऱ्या भागानं, तो स्पर्श आपल्या ताब्यात घेतला तर कॅन्सल. प्रत्येक नोंदीला वेळ चिकटलेली असते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

अर्थ लावायचं काम त्यानंतरचं, आणि ते वेळेवर चालतं. अँड्रॉइडमध्ये दाबून धरण्याची मर्यादा पूर्वी ५०० मिलिसेकंद होती, नंतर ती ४०० झाली. आयफोनवर ती मुळात अर्धा सेकंद आहे. बोट त्याच्या आत उचललं तर तो साधा टॅप. मर्यादा ओलांडली आणि त्या जागेला दाबून धरण्याचं वेगळं काम नेमून दिलेलं असलं, तर बोट उचलायची वाटही न पाहता ते काम सुरू होतं आणि टॅप बाद होतो. दोन टॅप ३०० मिलिसेकंदांच्या आत आले तर तो डबल टॅप समजतात. आणि बोट ८ डीपीपेक्षा जास्त हललं, तर तो टॅप नसून सरकवणं आहे असं धरतात. डीपी हे पडद्यावरच्या अंतराचं माप, एका इंचात १६० डीपी. म्हणजे ८ डीपी साधारण सव्वा मिलिमीटर. एवढी हालचाल कंप असलेल्या हाताची एका श्वासात होते.

आता तिघांचंही कोडं सुटलं. अम्मीचं बोट दर वेळी अर्ध्या सेकंदाच्या पुढे जात होतं. भाचा नोंदी बघत म्हणाला, "मामू, नानी की उंगली लई देर ठैरती." तात्यांचं बोट टेकल्यावर सव्वा मिलिमीटरपेक्षा जास्त हलत होतं, त्यामुळे पान सरकवणारा भाग स्पर्श ओढून घेत होता आणि शब्दाच्या वाट्याला कॅन्सल येत होतं. मुलाचं उलटं होतं. तो उत्साहानं भराभर दोनदा टेकवत होता. पहिल्या टॅपला उत्तर नोंदलं जायचं, तेवढ्यात पुढचा प्रश्न यायचा, आणि दुसरा टॅप त्या न वाचलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर पडायचा.

बी.एड्.ला मूल्यमापनात एक शब्द शिकवतात, सप्रमाणता. चाचणीनं जे मोजायचं ठरवलं आहे तेच मोजलं पाहिजे. ही चाचणी ऱ्हस्व-दीर्घ मोजत नव्हती. ती बोट मोजत होती. त्या मुलाच्या नऊ गुणांत व्याकरण किती आणि बोटाची घाई किती, हे गुणपत्रकावरून कोणालाही कळलं नसतं. एखाद्या शिक्षकानं तो आकडा बघून त्याला मागच्या बाकावर बसवलं असतं, आणि त्या शिक्षकालाही दोष देता आला नसता. आज वर्गावर्गांत टॅबवरच्या चाचण्या होतात. म्हणून ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

अम्मी आणि तात्या इतका वेळ बोट का टेकवतात, याचाही मी विचार केला. आमच्या भीमेकाठच्या गावात विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ज्याला ठाऊक आहे त्याला ते लगेच कळेल. स्टार्टरचं हिरवं बटण नुसतं शिवून चालत नाही, मोटरनं पकड घेतली असा आवाज येईपर्यंत ते दाबून धरावं लागतं. दारावरची घंटा, मिक्सरचं बटण, हापसा, सगळीकडे हाताला हेच शिक्षण मिळालं : जोर लावा आणि थोडं थांबा. काचेला जोर कळत नाही, फक्त थांबणं कळतं, आणि त्याचा ती वेगळा अर्थ लावते. शिवाय खुरप्या-कोयत्यानं राबलेल्या हाताची कातडी कोरडी आणि जाड असते. तिच्यातून वीज कमी जाते, पडद्याला बोट नीट लागत नाही, म्हणून माणूस आणखी दाबतो आणि आणखी वेळ थांबतो.

गावात छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला लांबून लोक येतात. त्यांच्यातली म्हातारी माणसं नातवंडांचा फोटो काढतात तेव्हा बघा. काही फोनांत बटणावर बोट जरा थांबलं की एकामागून एक फोटो निघत राहतात, काहींत व्हिडिओ सुरू होतो. नातवंडं हसतात. फोटोपुरतं हसण्यावारी नेता येतं.

पण आता फोनवरची सगळीच कामं हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर आपल्या पिकाची नोंद करायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा, ती नोंद सातबाऱ्यावर जाते. बँक, पेन्शन, शिष्यवृत्ती, दाखले, सगळ्यांची वाट काचेवरून जाते. तिथं बोट जास्त वेळ टेकलं, दोनदा टेकलं किंवा हललं, आणि फोननं त्याचा भलता अर्थ घेतला, तर अडतं ते माणसाचं काम. आणि समोरचा म्हणतो, "आजी, तुम्हाला जमत नाही, नातवाला पाठवा."

फोन बनवणाऱ्यांना वेळेचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळं मोठ्या कॉम्प्युटरसाठी बनवलेली होती. अक्षरं मुंगीएवढी दिसायची. म्हणून दोनदा टॅप केलं की पान मोठं होईल अशी सोय केली. पण त्यामुळे पहिल्या टॅपनंतर ब्राउझरला थांबावं लागे. दुसरा टॅप येतो आहे की हा एकटाच? तो सुमारे ३०० मिलिसेकंद वाट बघायचा आणि मगच दुवा उघडायचा. घाईच्या माणसांना ते खटकलं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे बेतलेल्या पानांसाठी २०१४ मध्ये क्रोमनं ही वाट बघणं बंद केलं, २०१६ मध्ये ॲपलनंही केलं. एक तृतीयांश सेकंद वाचवायला जगभरच्या प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षं खटाटोप केला. वेगवान बोटांची तक्रार ऐकली गेली, कारण ती बोटं प्रोग्रामरांची स्वतःची होती. सावकाश बोटांनी तक्रार कधी केलीच नाही. त्यांना वाटलं, आपल्यालाच येत नाही.

ज्या यंत्रात सगळ्या प्रकारच्या बोटांचा विचार आहे असं एक यंत्र आपण सगळ्यांनी वापरलं आहे. मतदान यंत्र. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसते, लांब बीप वाजतो. त्यानंतर कोणी तेच बटण दहा वेळा दाबलं किंवा मिनिटभर दाबून धरलं तरी मत एकच. नियंत्रण यंत्रावरचं बॅलट बटण कर्मचाऱ्यानं पुन्हा दाबल्याशिवाय पुढचं मत घेतलंच जात नाही. घाईचा मतदार, कंप असलेला मतदार, बोट न उचलणारा मतदार, तिघांचीही किंमत सारखी. तिथं बोटावरून माणूस नापास होत नाही.

याच विचारात असताना मला लहानपणीचा मकतब आठवला. कुरआन वाचायच्या शास्त्राला तजवीद म्हणतात. त्यात काही स्वर लांबवायचे असतात, त्या लांबवण्याला मद्द म्हणतात, आणि लांबी मोजायच्या एककाला हरकत. मराठीतल्या 'माझी हरकत नाही' शी त्याचा इथं संबंध नाही, इथं हरकत म्हणजे एक मात्रा. साधी मद्द दोन हरकतींची, सर्वांत लांब मद्द सहा हरकतींची. एक हरकत म्हणजे किती वेळ? उस्ताद बोट मिटून किंवा उघडून दाखवतात. एक बोट मिटायला लागतो तेवढा वेळ.

या मापाची गंमत अशी की ते सगळ्यांसाठी सारखं नसतं. सावकाश वाचण्याला तहकीक म्हणतात, मध्यम गतीला तदवीर, जलद वाचण्याला हद्र. तिन्ही मान्य आहेत. जो सावकाश वाचतो त्याची हरकत लांब, जो जलद वाचतो त्याची आखूड. अट एकच, दोनाची मद्द दोनाची राहावी आणि सहाची सहाची. प्रमाण सांभाळायचं, घड्याळ नाही. मराठी छंदातही गुरू म्हणजे लघूच्या दुप्पट, मग गाणारा कोणत्याही लयीत गावो. शेकडो वर्षं माणसांना शिकवून शिकवून गुरुजनांना जे कळलं होतं ते हेच असावं, की माप आधी माणसाकडून घ्यावं आणि मग त्या मापानं त्याला तपासावं.

फोन ४०० मिलिसेकंद म्हणतो तेव्हा तो सगळ्यांना हद्रच्या गतीनं वाचायला लावतो.

भाच्याला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग कामाला लागला. अक्षरं ओढायच्या खेळात बोट धरून ठेवणं गरजेचंच होतं. तिथं त्यानं सुरुवातीला तीन साधे टॅप करायला सांगितले. त्या तीन स्पर्शांना जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट झाल्यावरच 'धरलं' समजायचं. अम्मीची मात्रा अम्मीकडून, मुलाची मुलाकडून.

शब्दांच्या खेळात त्यानं दाबून धरण्याची भानगडच काढून टाकली, अर्थासाठी शेजारी वेगळं बटण दिलं. बोट टेकताच शब्दाचा रंग बदलतो, म्हणजे फोननं ऐकलं हे कळतं. हा रंग दहाव्या भागाच्या सेकंदात बदलला तर माणसाला तो लगेच बदलला असं वाटतं. उत्तर मात्र बोट उचलल्यावरच धरलं जातं, म्हणजे चुकून टेकलं तर बोट बाजूला सरकवून सुटता येतं. एकदा उत्तर नोंदलं की नवा प्रश्न नीट येईपर्यंत बटणं बंद, अगदी मतदान यंत्रासारखी. ज्या पडद्यावर सरकवायला काही नव्हतं तिथं सरकणं बंद केलं, म्हणजे तात्यांचं बोट हललं तरी शब्दावरच राहतं. बटणं मोठी केली. गूगलचा स्वतःचा सल्ला निदान ४८ डीपीचा आहे, त्यानं त्याहून मोठी ठेवली. आणि 'उत्तर बदला' असं एक बटण दिलं.

यातली कोणतीही गोष्ट अवघड नव्हती. बोट टेकताक्षणी काम उरकू नये, माणसाला मागे फिरायची संधी असावी, हा नियम वेबच्या सुलभतेसाठी २०१८ साली आलेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. त्या मुलाची चाचणी मी पुन्हा घेतली. दोन चुका झाल्या, आणि दोन्ही खऱ्याखुऱ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या होत्या. त्या मी त्याला शिकवू शकतो.

आपल्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयानंही यावर बोलून झालं आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँक खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येईनात, म्हणून ओळख पटेना. हे प्रकरण न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ई-केवायसी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. पापणीचं मिचकावणं काय आणि बोटाचं टेकणं काय, प्रश्न तोच. यंत्रानं मागितलेली हालचाल ज्याच्या शरीराला जमत नाही, तो माणूस नागरिक म्हणून कमी ठरतो का?

न्यायालयाचं काम न्यायालय करील, प्रोग्रामरांचं प्रोग्रामर. आपल्या हातात एक छोटं काम आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा फोन घ्या. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि 'टच अँड होल्ड डिले' शोधा. कंपनीगणिक जागा थोडी बदलते, पण ते असतं. तिथं शॉर्ट, मीडियम, लाँग असे पर्याय मिळतील. काही फोनांत लागोपाठ आलेले स्पर्श दुर्लक्षित करायचीही सोय असते. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या 'टच' खाली 'टच अकोमोडेशन्स' आहे, त्यात लागोपाठ आलेले स्पर्श दुर्लक्षित करायला सांगता येतं, आणि दाबून धरण्याची वेळ त्याच 'टच' खालच्या 'हॅप्टिक टच'मध्ये बदलता येते. बदल करण्याआधी त्या माणसाला पाच-सहा वेळा एखादं बटण दाबायला सांगा आणि नुसतं बोटाकडे बघा. फोन हातातून ओढून घेऊन "आणा, मी करतो" म्हणू नका.

अम्मीच्या फोनवर आम्ही लाँग ठेवलं आहे. परवा तिनं माझ्या खालाला स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला आणि पाऊण तास बोलत बसली. विषय माझ्या भाच्याच्या लग्नाचा होता. तो आतल्या खोलीतून ऐकत होता.